मोजलेले कान

त्या वर्षी आमच्या घरात दोन शब्दांवर बंदी होती. एक 'दुपार' आणि दुसरा 'ॲप'. दुपारच्या जेवणाला मी मधलं जेवण म्हणायला लागलो होतो आणि ॲपचा विषय निघालाच तर नुसतं 'ते' म्हणायचो. मी फार शहाणा आहे अशातला भाग नाही, पण माझं लग्न जुनं आहे.

माझी बायको रेडिओवर बोलते. बँकेच्या वरच्या मजल्यावर चार खोल्यांचं एक छोटं रेडिओ केंद्र आहे. तिथे रोज सकाळी तीन तास हिचा कार्यक्रम असायचा. हवा कशी आहे, कुठला रस्ता खणून ठेवलाय, कुणाची मांजर हरवली, कुणाच्या आजोबांचा वाढदिवस, आणि मधूनमधून गाणी. असं वीस वर्षं चाललं होतं. गावात हिला नावाने कुणी ओळखत नाही, सगळे 'सकाळच्या बाई' म्हणतात. मी शिंपी. चौकाला लागून माझं दुकान आहे, पण तिथेही माझी ओळख 'सकाळच्या बाईंचे मिस्टर' अशीच. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. गिऱ्हाइकं त्यामुळे घासाघीस करायला जरा लाजायची.

हिला एक धाकटा भाऊ आहे. त्याची बायको, म्हणजे हिची भावजय, लग्न होऊन आली तेव्हा काम शोधत होती. हिनेच तिला हाताला धरून केंद्रावर नेलं आणि लोकांचे फोन घ्यायला बसवलं. पुढे दुपारची निवेदिका बदली झालेल्या नवऱ्याबरोबर निघून गेली आणि भावजय त्या खुर्चीत बसली. इथवर हिला कौतुक होतं. माझी भावजय आहे, मी तयार केली आहे, असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगून झालं. मग एक दिवस बेकरीवाला पाव बांधता बांधता हिला म्हणाला की दुपारच्या बाई हसतात काय छान हो. झालं. त्या दिवसापासून आमची बेकरी बदलली. आता पाव दोन गल्ल्या पलीकडून येतो आणि तो बहुतेक वेळा शिळा असतो.

तिच्या हसण्यात काय काय खोट आहे, ते मला रोज ऐकावं लागे. ती गाणं पुरतं संपायच्या आधी बोलते. ती माईकमध्ये श्वास सोडते. ती लोकांना 'मित्रांनो' म्हणते, जसे काही तिच्याबरोबर शाळेत होते. मी हूं हूं करत काजांना टाके घालायचो. एकदा चुकून म्हणालो की लोकांना आवडतं म्हणतात. त्या दिवशी मधलं जेवण मी स्वतः वाढून घेतलं.

त्यात ॲपची कल्पना निघाली भावजयीच्या डोक्यातून. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, तसं झालं. केंद्रावरच्या बैठकीत ती काय बोलली, ते हिने मला अनेकदा सांगितलं, दर वेळी तिचा आवाज अधिकाधिक पातळ काढून. आपला रेडिओ टेकडीपलीकडे ऐकू येत नाही, फोनमध्ये आपलं स्वतःचं ॲप असलं तर येईल. शिकायला, नोकरीला परगावी गेलेली मुलं तिथून गावचं ऐकतील. सकाळी कुणाचं राहून गेलं तर तो संध्याकाळी तोच कार्यक्रम लावेल. कुणाला काही सांगायचं असेल तर केंद्राचा फोन लागेपर्यंत ताटकळायला नको, आपला आवाज भरून पाठवला की काम झालं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कोण ऐकतंय, किती वेळ ऐकतंय, कुठे कंटाळून उठतंय, हे आपल्याला इथे बसून दिसेल.

केंद्राचे साहेब भले गृहस्थ आहेत, पण आकडा दिसला की विरघळतात. तोवर जाहिरात देणाऱ्यांना ते 'पुष्कळ लोक ऐकतात हो' एवढंच सांगत आले होते. सगळा कारभार अंदाजपंचे दाहोदरसे. त्यांनी लगेच होकार दिला. हिला त्या बैठकीत एकच गोष्ट बोचली, ती म्हणजे साहेबांनी भावजयीला चहा स्वतः ओतून दिला. वीस वर्षांत माझ्या कपात कधी ओतला का, असं ही मला विचारत होती, जसं काही किटली माझ्या हातात होती.

ॲप तयार झालं. दर तासाला प्रत्येक निवेदकाने त्याची माहिती वाचायची असा नियम निघाला. हिने पहिल्या दिवशी दिलेला मजकूर शब्दन्‌शब्द वाचला, आवाज जरा सपाट ठेवून. मग गाणं लावण्याऐवजी म्हणाली, "हे झालं केंद्राचं. आता माझं ऐका. फोन असतो बोलायला आणि रेडिओ असतो ऐकायला. माझं ऐकायचं असेल त्यांनी रेडिओवरच ऐका."

गावाला हे भलतंच आवडलं. बसचालक उतारूंना ऐकवायला लागला. शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक माझ्या दुकानात येऊन म्हणाले की बाईंनी नव्या पिढीच्या कानाखाली आवाज काढला. हिलाही चढलं. मग दर तासाला माहिती वाचून झाली की ते शेपूट ठरलेलंच. माझं ऐकायचं असेल त्यांनी रेडिओवरच ऐका. साहेबांनी एकदोनदा हळूच सुचवून पाहिलं, पण हिच्या कार्यक्रमात ढवळाढवळ करायची त्यांना सवय नव्हती.

ते वाक्य मीही रोज ऐकत होतो. फोनवर.

त्याला कारण आहे. माझ्या शिलाई मशीनला मोटर आहे आणि ती चालू झाली की शेजारचा रेडिओ खरखरायला लागतो. वीस वर्षं मी हिचा कार्यक्रम शिवण थांबवल्यावर ऐकत आलो, म्हणजे जवळजवळ नाहीच. इस्त्रीवालीच्या भाच्याने मला ॲप लावून दिलं, कानात इवलीशी बोंडं घातली, आणि मला पहिल्यांदा कळलं की माझी बायको वाक्य संपवताना किती सावकाश थांबते. हे तिला सांगायची सोय नव्हती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. आपल्या बायकोची स्तुती करायची आहे आणि ती तिच्या शत्रूच्या यंत्राची स्तुती होणार आहे.

एका रविवारी हिने पावसाचा अंदाज बघायला माझा फोन घेतला. मी कात्रीला धार लावत होतो. बराच वेळ काही आवाज आला नाही, तेव्हाच मला समजायला हवं होतं. त्या ॲपचा एक दुर्गुण असा की ते सगळं लक्षात ठेवतं. आपण शेवटचं काय ऐकलं, ते वरच मोठ्या अक्षरांत लिहून ठेवतं. तिथे दुपारचा कार्यक्रम होता, आणि पुढे ऐकलेला वेळ, दोन तास.

मी सांगायला गेलो की सकाळी मी हिचंच लावतो, मग हात कपड्यात गुंतलेले असतात, आणि ते आपोआप पुढे सरकत जातं. ही म्हणाली, दोन तास आपोआप? मग फोन माझ्यासमोर ठेवला. आरडाओरडा झाला असता तर बरं झालं असतं.

"मला एवढंच सांगा," ही म्हणाली. "ती बोलते तेव्हा तुम्ही हसता का?"

"सुईत दोरा ओवताना माणसाला हसता येत नाही," मी म्हणालो.

ही उठून आत गेली. नवरा खोटं बोलतो तेव्हा बायकोला कळतं, आणि तो खरं टाळतो तेव्हा तर अधिकच कळतं. मी त्याच बैठकीत ॲप काढून टाकलं. हिने काढा म्हटलं नव्हतं, पण मी काढलं आणि काढल्याचं दाखवलंही. ही म्हणाली, मला काय करायचंय.

वर्ष सरत आलं तेव्हा साहेबांनी हिला आणि भावजयीला एकदम बोलावलं. गाद्यांचा एक मोठा व्यापारी सकाळची सगळी जाहिरात घ्यायला तयार होता, पण त्याला ऐकणाऱ्यांचा आकडा हवा होता. साहेबांनी संगणकाचा पडदा दोघींकडे फिरवला. भावजयीच्या नावापुढे जवळजवळ दोन हजार होते. हिच्या नावापुढे एकेचाळीस.

घरी येऊन ही पायातलं न काढता खुर्चीवर बसली आणि एकेचाळीस, एवढंच म्हणाली. मी ते काढून टाकलं नसतं तर बेचाळीस झाले असते, हे मला तेव्हाच सुचलं होतं.

हिने साहेबांना सांगितलं होतं की माझी माणसं रेडिओवर ऐकतात, ती तुमच्या यंत्रात दिसायची कशी. साहेब काही मूर्ख नव्हते. त्यांनी मान डोलावली.

"बाई, ती आहेत हे मला माहीत आहे," ते म्हणाले होते. "पण गादीवाल्याला मी दाखवू काय?"

महिनाअखेरपर्यंत आकडा वाढला तर सकाळ हिची. नाहीतर सकाळ भावजयीची. भावजय तिथेच बसली होती आणि म्हणे खाली बघत होती. ही म्हणाली, हसू लपवायला बघत असणार. मी म्हणालो, लाजेनेही बघत असेल. त्यावर मला विचारण्यात आलं की मी कुणाच्या बाजूचा.

सकाळ गेली तर हिचं काय राहणार, हे मला ठाऊक होतं. ही पहाटे उठते ती त्या माईकसाठी. चहाला चव आहे की नाही हेसुद्धा हिला कार्यक्रम झाल्यावरच कळतं. पण आता लोकांना 'ॲप घ्या' म्हणायचं म्हणजे दर तासाला थुंकलेलं दर तासाला गिळायचं. ते हिच्याने होईना. म्हणून मीच कंबर कसली. दुकानात येईल त्याला सांगायचं, फोन काढा, ॲप लावून देतो, सकाळी बाईंचं त्यावर ऐका. गुपचूप आकडा वाढेल आणि हिची मानही वाकायची नाही, असा माझा हिशेब होता.

पहिलीच गाठ पडली शेजारच्या इस्त्रीवालीशी. ती वीस वर्षं हिचा आवाज ऐकत कपडे तापवते. तिने फोन पदराआड केला. बाई नको म्हणाल्यात, ती म्हणाली. मी म्हणालो, अगं, मी त्यांचा नवरा सांगतोय. ती म्हणाली, नवऱ्यांचं काय, ते काहीही सांगतात. बसचालकाने तर मला बाजूला घेऊन समजावलं की भाऊ, घरच्या माणसानेच असं वागू नये. मुख्याध्यापकांना वेगळाच संशय आला. त्यांनी भावजयीचं आणि माझं नातं काय लागतं ते नीट विचारून घेतलं, मग पँट अल्टर करायला टाकली होती ती परत मागितली. गावभर हिंडून मला एक माणूस मिळाला, आणि त्याला ऐकू इतकं कमी येत होतं की त्याने ते पुन्हा उघडलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कार्यक्रम चालू असताना इस्त्रीवालीने केंद्रावर फोन लावला. हिला वाटलं वाढदिवस असेल, हिने तिला थेट हवेवर घेतलं.

"बाई, तुम्हाला कळवायचं होतं," इस्त्रीवाली म्हणाली. "तुमचे मिस्टर गावभर सांगत फिरतायत की तुमचं फोनवर ऐका. आम्ही कुणी त्यांचं ऐकलेलं नाही. तुम्ही काळजी करू नका."

मी मशीन बंद करून रेडिओ लावला होता, त्यामुळे मला ते स्वच्छ ऐकू आलं. वीस वर्षांत ही पहिल्यांदा बोलायची थांबली. मग गाणं लागलं, आणि ते आधी एकदा लागून गेलेलं होतं.

त्या दिवशी घरी मला वाटलं आता माझी धडगत नाही. पण ही चिडली नाही. म्हणाली, तुम्ही कशाला गेलात माझी भीक मागायला, मागायची तर मीच मागते. ज्याचं पोट दुखेल त्यानेच ओवा मागावा. आणि खरंच दुसऱ्या सकाळी हिने सांगितलं की ज्यांना सोयीचं असेल त्यांनी कार्यक्रम ॲपवर ऐकायलाही हरकत नाही. हे वाक्य हिने दात उपटून घेतल्यासारखं म्हटलं. गावाला तो आवाज पाठ होता. त्यांनी लगेच ओळखलं की बाईंकडून हे कुणीतरी दमदाटीने वदवून घेतंय. दिवसभर केंद्रावर फोन. बाई, घाबरू नका. बाई, कुणी जबरदस्ती करतंय का सांगा. एका आजीबाईंनी तर पोलिसांत जाऊ का विचारलं. आणि ज्या एकेचाळीस जणांकडे ॲप होतं, त्यांच्यापैकी दोघांनी निष्ठेपोटी ते काढून टाकलं. महिनाअखेरीला आकडा होता एकोणचाळीस.

सकाळ भावजयीला मिळाली.

हिला काय मिळालं तेही सांगतो. त्याच ॲपमध्ये दुसरा एक कप्पा उघडायचा, त्यावर सकाळचेच तीन तास फक्त ही बोलेल. बातम्यांचा अडथळा नाही, गाद्या नाहीत. पण ते फक्त फोनवर. रेडिओवर हिचा आवाज येणार नाही. साहेबांनी हे मोठं नवं पाऊल म्हणून सांगितलं. ही म्हणाली, मला जिवंतपणी डबीत घालतायत. ज्या फोनवर माझं ऐकू नका म्हणून मी लोकांना सांगत आले, त्याच फोनात मला नेऊन कोंडणार, आणि माझ्या खुर्चीत ती बसणार. आणि ही कल्पना कुणाची, तर तिचीच. हिने जेवण सोडलं नाही, पण मीठ घालायचं सोडलं. आम्ही दोघं अळणी खात होतो.

त्याच आठवड्यात भावजय दुकानात आली. कोटाची बाही लांब होते म्हणाली. बाही बरोबर होती, पण मी टेप काढली. मनगटाचं माप घेतलं तरी ती हात खाली करेना.

"भाऊजी, ताई माझ्याशी बोलत नाहीत, म्हणून तुम्हाला सांगते," ती म्हणाली. "माझे दोन हजार आहेत ना, ते सरासरी चार मिनिटं थांबतात. मी पडद्यावर बघते. एक गाणं संपलं की गळायला लागतात. ताईंचे जे चाळीसेक आहेत, त्यातला एकही तीन तास उठत नाही. आणि बाकीच्यांनी ॲप घेतलंच नाही, का, तर ताई नको म्हणाल्या. मी घ्या घ्या म्हणून घसा सुकवला तर लोक येतात आणि जातात. माझं असं कुणीच कधी ऐकलेलं नाही. मला ताईंचा फार हेवा वाटतो."

तो कप्पा तिने का सुचवला, तेही तिने सांगितलं. साहेब हिला रविवारी तासभर ठेवून बाकी निरोप द्यायच्या विचारात होते. मग ती पैसे किती म्हणाली. मी म्हणालो, बाही बरोबर आहे, नुसत्या मापाचे पैसे मी घेत नाही.

संध्याकाळी मी हिला सगळं सांगितलं. हिने भाजी ढवळायची थांबवली. पुन्हा सांगा म्हणाली. मी पुन्हा सांगितलं.

"हेवा म्हणाली की कौतुक म्हणाली?"

"हेवा."

"फार म्हणाली?"

"फार हेवा वाटतो, असं म्हणाली."

त्या दिवशी भाजीत मीठ होतं. जरा जास्तच होतं. ही जेवताना मधेच थांबून म्हणाली, चार मिनिटं, आणि स्वतःशीच मान हलवली. इतक्या महिन्यांत मी हिला इतकं सुखी पाहिलं नव्हतं. भांडी घासताना ही गुणगुणत होती. पण झोपायला जाताना दारात थांबली आणि म्हणाली, माझी माणसं मी म्हणेन ते करतात, आणि मी त्यांना म्हणाले काय, तर मला सोडून द्या. मी दिवा मालवला.

रेडिओवरचा हिचा शेवटचा दिवस उजाडला. मी मशीनला हात लावला नाही. रस्त्यावरच्या सगळ्या दुकानांत रेडिओ मोठा करून ठेवला होता. ही नेहमीसारखी बोलली. हवा सांगितली, खणलेला रस्ता सांगितला, मुख्याध्यापकांच्या नातीचा वाढदिवस सांगितला. शेवटची काही मिनिटं उरली तेव्हा गाणं थांबवलं.

"उद्यापासून इथे माझी भावजय बसेल," ही म्हणाली. "मला ते आवडलेलं नाही. खोटं कशाला बोलू. मी फोनमध्ये असेन, त्या ॲपमध्ये, वेळ तीच. तुम्हाला मी इतके दिवस सांगत होते ना की फोनवर ऐकू नका, त्याचं कारण एकच होतं. ते ॲप तिने आणलं होतं, आणि माझा जळफळाट झाला होता. ॲपमध्ये वाईट काही नाही. मला कुणी धमकावलेलं नाही. माझं ऐकायचं असेल तर चौकातल्या शिंप्याकडे जा, तो लावून देईल. मी सांगतेय, जा."

शेवटचा शब्द हवेत होता तोवर इस्त्रीवाली माझ्या दारात उभी राहिली. इस्त्री तशीच तापत ठेवून आली होती. फोन पुढे करून म्हणाली, लावा. मी म्हणालो, मी सांगितलं तेव्हा? ती म्हणाली, तेव्हा तुम्ही सांगितलं होतंत. तिच्या मागे बसचालक, त्याने बस वळणावर उभी केली होती आणि उतारूही रांगेत होते. मुख्याध्यापकांनी पँट पुन्हा टाकली. बेकरीवाला पिठाचे हात घेऊन आला, त्याचा फोन मी फडक्यात धरून लावला. दिवसभर एक टाका घातला नाही. काहींना मोठी अक्षरं करून दिली, काहींचे फोन इतके जुने की ॲप त्यात मावेना, त्यांना शेजाऱ्याकडे ऐकायची सोय लावून दिली. लोक एकमेकांना सांगत होते, बाई जळत होत्या म्हणे. आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. इस्त्रीवाली तर म्हणाली, माझी जाऊ आहे ना, मला सगळं कळतं.

दुसऱ्या दिवशी हिचा फोनवरचा पहिला कार्यक्रम झाला. मी मशीन चालू ठेवून, कानात बोंडं घालून, मान खाली करून तीन तास ऐकला. उघडपणे ऐकायची चोरी नव्हती, त्यामुळे दोनदा हसलोही.

कार्यक्रम संपल्यावर ही घरी न जाता सरळ दुकानात आली. चेहरा बघूनच मी स्टूल पुढे केलं. साहेबांनी पडदा दाखवला होता. आठशे बारा, आणि बहुतेक सगळे शेवटपर्यंत. मी अभिनंदन करायला तोंड उघडलं, पण हिचं संपलं नव्हतं. हिने सांगितलं की भावजयीच्या सकाळला ॲपवर फक्त साडेपाचशे होते. दुपारची माणसं सकाळी उठतात कुठे, ही म्हणाली आणि माझ्या बाटलीतलं पाणी प्याली. मी म्हणालो, मग झालं तर. सरळ सरळ जिंकलीस.

ही पाणी पिता पिता थांबली.

"पण ते ॲपवरचे," ही म्हणाली. "ती रेडिओवरही आहे. रेडिओवर तिला किती?"

मी म्हणालो की रेडिओवर किती ते कुणालाच कळत नाही, त्यात मोजायची सोयच नाही.

हिने बाटलीचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. म्हणजे हजारही असतील, ही म्हणाली. दहा हजारही असतील. सगळं गावच असेल, कुणी सांगावं. माझ्या आठशे बारा माणसांनी सवयीने घरात रेडिओही चालू ठेवला असेल. मी समजूत घालत होतो, पण ही माझ्याकडे बघत नव्हती. रस्त्याकडे बघत होती, एकेका दुकानाच्या दारावरून नजर फिरवत.

म्हणून आता रोज सकाळी दुकान उघडण्याआधी मी या रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जातो. गळ्यात टेप असते, त्यामुळे कुणाला काही वाटत नाही. कुठल्या दारातून, कुठल्या खिडकीतून भावजयीचा आवाज येतो, ते ऐकत जायचं आणि मनात मोजायचं. काल बारा ठिकाणी ऐकू आला. कार्यक्रम संपताच ही दुकानाच्या दारात उभी होती. मी हिला सात सांगितले.

ही माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"तुम्ही सात म्हणताय," ही म्हणाली, "म्हणजे चौदा असतील."